मोंढ्याच्या दारातली पाखडणारी

१

सोनारीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परंड्याच्या नव्या मोंढ्याच्या दारात नुसता चबुतरा होता. त्यावरची दगडी बाई नव्हती.

मी पोचले तेव्हा बरीच माणसं जमली होती, पण मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. ज्वारीची आवक सरत आली होती. हवेत फोलपटं तरंगत होती, आणि कोवळ्या उन्हात ती इतकी सावकाश खाली येत होती, की त्यांना खाली यायचंच नसावं असं वाटे. चबुतऱ्यावर एक गोणपाट घडी करून ठेवलेलं होतं. कालपर्यंत त्याच्याआड माझ्या वडिलांचं शेवटचं काम झाकलेलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. कुर्डुवाडीचा रस्ता गावात शिरतो तिथं नवा मोंढा बांधला गेला, दगडी गाळे उभे राहिले, आणि परक्या माणसाच्या नजरेला आधी काय पडावं याचा विचार मोंढ्याच्या कमिटीत सुरू झाला. कुणी कमान म्हणालं, कुणी सिंह. शेवटी काम आलं हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर दत्तोपंत यांच्याकडं, म्हणजे माझ्या बाबांकडं. त्यांनी काळ्या पाषाणातून एक बसलेली बाई काढली. डाव्या हातानं मांडीवर सूप धरलेली, आणि त्यातला खडा वेचून टाकायला उजवा हात उचललेला.

हे सगळं मला ऐकूनच ठाऊक होतं. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीत घरी आले तेव्हा परसात बांबूच्या तट्ट्याआडून छिन्नीचा आवाज येई, आणि मी जवळ गेले की थांबे. "पुरी झाल्याशिवाय बघायची नाही, शारदे," ते आतून म्हणत. मूर्ती पुरी झाली, हमालांनी ती मोंढ्यात नेऊन बसवली, आणि चौथ्या दिवशी दुपारी बाबा झोपेतच गेले. मी आले ती त्यांच्या दिवसांना. मूर्तीवर गोणपाट होतं, ते सोमवारी कलेक्टरसाहेबांच्या हातून निघणार होतं. तोवर थांबायचं मी ठरवलं होतं. बाबांनी घातलेली अट त्यांच्यामागं मोडावी असं मला वाटलं नाही.

आता बघायला काही उरलंच नव्हतं.

कमिटीचे शरणबसप्पा आडते म्हणाले, की एवढा दगड कसा उचलायचा हे ज्यानं तो खाणीतून आणला त्यालाच माहीत. त्यांचा रोख उत्तरेश्वर पाथरवटावर होता. तो वर्षभर बाबांच्या हाताखाली राबला होता. शेवटच्या दिवसांत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "अशी मूर्ती दारात बसण्यापरीस म्या फोडून टाकतो," हे त्याचे शब्द शेजाऱ्यांनी ऐकले होते. जमादारानं त्याला चौकीवर नेलं. जाताना तो माझ्यासमोर थांबला.

"ताई, म्या काय चोरलं न्हाय," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "फोडतो म्हनलो व्हतो, ते मात्र खरंय."

२

अंबादासकाका बाबांचे बुद्धिबळातले जोडीदार. निजामाच्या अमदानीत मुन्सफाच्या कोर्टात ते पेशकार होते. साक्षीदार बोलू लागला की डोळे मिटून घ्यायची त्यांना तेव्हापासूनची सवय. डोळे उघडे असले की माणसाचा चेहरा मधे येतो, म्हणत.

सोमवारपर्यंत मूर्ती मिळाली नाही, तर त्या जागी बार्शीहून सिमेंटचे दोन सिंह यायचे होते, आणि उत्तरेश्वरावर फिर्याद व्हायची होती. काकांना मी एवढंच म्हणाले, की मला ती एकदा बघायची आहे.

"बघशील बेटा," ते म्हणाले. "एवढी जड बाई दूर जात नसते."

दुपारी मोंढा सुना झाला तेव्हा आम्ही परत चबुतऱ्यापाशी गेलो. काकांनी गोणपाट उचललं, वास घेतला, घडी उलगडली आणि परत तशीच घातली. घडी लांबट होती, एका बाजूला जाड. पाठीवर पोतं घ्यायच्या आधी मानेखाली ठेवतात तशी.

"चोर घडी घालत बसत न्हाय," ते म्हणाले.

खालची माती आदल्या दिवशी झाडून वर पाणी शिंपडलेलं होतं, ती आता वाळून तडकली होती. सकाळच्या गर्दीनं बहुतेक तुडवली होती, पण चबुतऱ्याच्या मागच्या अंगाला पावलं शाबूत होती. मोठी, खोल रुतलेली, आणि सगळी अनवाणी. चैत्रातल्या दुपारी ती माती पायाला चटके देते. मोंढ्यातली माणसं टायरच्या चपला घालतात.

चबुतऱ्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचे जुने-नवे डाग होते. मोंढ्यात धान्य पाखडणाऱ्या बाया गोणपाटाच्या गाठीला रोज कुंकू लावत, असं कळलं. मी त्या डागांकडं बघत राहिले. आई माझ्या कपाळाला कुंकू लावायची ते मधल्या बोटानं. बाकीच्या बायका अनामिकेनं लावतात हे मला फार उशिरा लक्षात आलं होतं. तोवर आई गेली होती. या डागांमधे एकही तसा नसणार, असं उगाच वाटून गेलं.

"शारदे, हे बघ."

काका उकिडवे बसले होते. दगडाच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती, आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. काकांनी एक कण बोटावर घेतला, हुंगला आणि माझ्यापुढं धरला. शिजवलेला भात होता. आंबूस वास येत होता.

आमच्या भागात रोज भाकरी. भात सणाला, नाहीतर आजाऱ्याला.

"काल सगळं गाव सोनारीला," काका म्हणाले. "मग इथं दहीभात कुणी आणला? आणि कुणासाठी?"

३

शरणबसप्पांच्या आडतीवर गेलो तेव्हा ते लोडाला टेकून जत्रेतला शीण काढत होते. कानामागं, मानेच्या वळीत, टोपीच्या काठावर गुलाल होता. भैरवनाथाच्या जत्रेतून आलेल्या माणसाचा गुलाल एका अंघोळीनं जात नाही.

काका त्यांच्याशी मिरचीच्या भावावर बोलले, बैलांवर बोलले आणि मग अगदी सहज म्हणाले, की सिंहांची ऑर्डर फार लवकर दिलीत.

शरणबसप्पा रागावले नाहीत. ते माझ्याकडं वळले. "बाई, तुमच्या वडिलांचं न् माझं वाकडं न्हवतं. दगडाची बाई बसवा म्हनलो. पण मोंढ्याच्या दारात रिकामं सूप? धान्याच्या बाजारात? शेतकरी काय म्हणंल? म्या म्हनलो, मास्तर, सुपात दाणं कोरा. तर म्हनले, दाणा कोरता येत नसतो, पिकवावा लागतो."

"मग?"

"मग म्हनले, शरणबसप्पा, सूप रिकामं राहणार न्हाय, माझ्यावर सोडा. आता गेले की ओ. कुणावर सोडू?" त्यांनी कमरेला हात लावला. "आन रिकाम्या सुपासाठी म्या दगड उचलायला जातो? माझं कंबरडं बघा."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, हा माणूस सोनारीला होता आणि खरं बोलतोय.

मोंढ्यात संध्याकाळची पोती लागत होती. हमालांचा मुकादम बब्रुवान समोर उभा राहून मोजणी बोलत होता. आवाज नेहमीसारखा खडा, पण आम्हाला बघून त्याची मोजणी चुकली. काकांनी त्याला हाक मारली, सोनारीला गर्दी किती होती म्हणून विचारलं. लई गर्दी व्हती, तो म्हणाला. सगळे हमाल गेलते का? व्हय, सगळे.

मी त्याच्या फेट्याकडं बघत होते. पांढराशुभ्र होता. त्याच्या मागं वाकलेल्या माणसांचेही.

काकांनी आणखी काही विचारलं नाही. चालता चालता मात्र म्हणाले, "चौकीवर उत्तरेश्वराला दुपारची भाकरी कुणी पोचवली, जमादाराला विचारलं होतं मी. नात्याचं कुणी न्हाय. बब्रुवानाच्या घरून आली म्हणे."

"म्हणजे बब्रुवानानं?"

"त्यानं काय केलं ते दिसायला लागलंय," काका म्हणाले. "का केलं, तेच दिसत न्हाय. भक्तिभावानं चोरी करणारा माणूस मी कोर्टात कधी पाह्यला न्हाय."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बाबांच्या खाटेवर जरा डोळा लागला होता, तेव्हा परसातून छिन्नीचा आवाज आला. जागी झाल्यावरही तो क्षणभर चालू होता. मग तो सुताराचा झाला, मग कुणाच्या तरी कुटण्याचा, आणि मग विरला. असं या दिवसांत होई. मी कुणाला सांगत नसे.

उन्हं कलल्यावर आम्ही चौकीवर गेलो. उत्तरेश्वर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही तळव्यांत दगडाची पूड अजून रेघांतून बसलेली होती. बाबांच्याही तशीच होती. शेवटी अंघोळ घालतानाही ती गेली नव्हती, असं शेजारच्यांनी मला सांगितलं होतं.

काकांनी डोळे मिटले आणि भांडण कशावरून झालं ते विचारलं.

त्यानं तळवे एकमेकांवर घासले. मग म्हणाला, की मास्तर गेले, आता त्यांची चूक चारचौघांत कशाला सांगायची.

"मला सांगा," मी म्हणाले. "मी चारचौघं नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "ताई, बाकी मूर्ती अशी, की मागून हाक मारली तर वळंल वाटावं. पण उजव्या हाताचं एक बोट थिटं ठिवलं. ह्ये, करंगळीच्या शेजारचं. अर्ध्यातच संपतंय. म्या म्हनलो, मास्तर, दगड हाये अजून, आत्ताच पुरं करू. तर म्हनले, हाय तेवढंच बोट हाये. म्या म्हनलो, लोकं म्हंतील उत्तरेश्वराची छिन्नी घसरली. माझ्या बापजाद्यांचं नाव जाईल. तवा रागात बोललो, फोडून टाकतो. मास्तर नुसतं हसले."

काकांनी डोळे उघडले. ते माझ्याकडं बघत होते. मी काय केलं मला आठवत नाही. बहुधा काहीच केलं नाही. भिंतीवरची पाल कुठून कुठं गेली तेवढं आठवतं.

"बेटा?"

"काका," मी म्हणाले, "माझी आई विहिरीवर पाणी ओढत होती. रहाटात हात आला. मी तेव्हा पाळण्यात होते. उजव्या हाताची अनामिका गेली, अर्धी."

उत्तरेश्वर उठून उभा राहिला होता.

काकांनी पुन्हा डोळे मिटले, पण या वेळी ऐकण्यासाठी नव्हे. मग ते हळूच म्हणाले, "मग झालं. का, तेही दिसलं. चला, बब्रुवानाकडं. आणि त्याच्या आईकडंही."

५

बब्रुवानाची आई धुरपदाबाई मोंढ्यातल्या पाखडणाऱ्या बायांची म्होरकी. लिंबाखाली ती सूप घेऊन बसली होती. तिचं मनगट हललं की ज्वारी वर उडे, वाऱ्यात क्षणभर थांबे, आणि दाणे तिच्याकडं, भुसा दुसरीकडं जाई. आम्हाला बघून बाकीच्या बाया उठून गेल्या. ती राहिली. बब्रुवान येऊन तिच्या मागं उभा राहिला.

काका समोरच्या पोत्यावर बसले आणि गोष्ट सांगावी तसं सांगू लागले.

"जत्रेच्या दिवशी सारं गाव सोनारीला. जो तिथून आला त्याच्या अंगावर गुलाल. हमालांच्या फेट्याला एक ठिपका न्हाय. दगड उचलायला सहा माणसं लागतात, न् गोणपाटाची ती घडी हमालाच्या हातानंच पडते. इथवर ही चोरी. पण चोरानं आधी जागा झाडली, पाणी शिंपडलं. चपला काढल्या. दहीभाताचा निवद ठिवला. बब्रुवान, दहीभात आपण कुणाला देतो?"

बब्रुवान आईकडं बघू लागला.

"पाण्यात सोडायच्या देवाला," काका म्हणाले. "आणि बसलेला देव माणूस कधी उठवून पाण्यात सोडतो? मूर्ती भंगली तर. चैत्रात सीना नदी कोरडी, किल्ल्याच्या खंदकात चिखल. एवढी मूर्ती बुडंल असं पाणी या बाजूला एकाच ठिकाणी आहे. मोंढ्यामागच्या बारवेत."

धुरपदाबाईनं सूप खाली ठेवलं.

"आणताना दोर सुटला," ती म्हणाली. "ह्येच्या माणसांच्या हातून. नाल्यापाशी. देवी एका अंगावर आली. मास्तर संगंच व्हते. म्हनले, काय मोडलं न्हाय, दगड हाये, चला. आमच्या जिवाला लागू नये म्हणून म्हनले. देवमाणूस. म्या कुंकू लावताना गोणपाटात हात घातला, तर बोट न्हाय. अन् मास्तर चौथ्या दिवशी गेले." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, नुसती बघत राहिली. "भंगलेली देवी वेशीत ठिवून गावाचं वाटुळं करावं व्हय, बाई? तुमच्या घरचं तर झालंच की."

तेव्हा कुठं बब्रुवान बोलला. "म्या सांगनार हुतो. उत्तरेश्वराला धरल्यापास्नं घास उतरंना. पण काय सांगू? मास्तर आमच्या हातानं गेले म्हणून सांगू?"

जन्मभर पोती उचलून हातांना घट्टे पडलेला तो नव्या मोंढ्याचा मुकादम माझ्यासमोर हात पुढं करून उभा होता, जणू त्या हातांचं मी काहीतरी करणार होते.

मी त्यांना आईच्या बोटाचं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. तो दगड देवी नव्हता, धान्य निवडणारी एक बाई होती. हात माझ्या आईचा होता, आणि तो बाबांना जसा ठाऊक होता तसा त्यांनी काढला होता. शेवटी मी म्हणाले, "बाबा तुमचं मन राखायला तसं म्हणाले नाहीत, बब्रुवान. काही मोडलं नव्हतं. तुमच्या हातून काहीच मोडलं नाही."

तो खाली बसला. धुरपदाबाईनं त्याच्या फेट्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो हात तिथंच राहू दिला.

मग ती मला म्हणाली, "पण बाई, दहीभात देऊन बोळवली तिला. बोळवलेली माघारी कशी आणावी?"

काका माझ्याकडं बघू लागले. सोमवार उद्यावर आला होता.

"मावशी," मी म्हणाले, "लेकीला शिदोरी देऊन बोळवतो, तेव्हा ती परत कधीच येऊ नये म्हणून देतो का?"

धुरपदाबाईनं लुगड्यावरचा भुसा झटकला. "बब्रुवाना," ती म्हणाली, "दोर आण."

६

बारवेच्या पायऱ्यांवर सोमवारच्या सकाळची सावली होती. उत्तरेश्वराला चौकीतून थेट तिथंच आणलं. गाठी कुठं मारायच्या ते तो सांगत होता, आणि बब्रुवान पहिल्यांदाच मुकाट ऐकत होता. हमालांनी चपला काढल्या. देवी नाही हे आता त्यांना माहीत होतं, तरी काढल्या.

पाणी हिरवं, गप्प होतं. आधी दोर ताणला गेला, मग बुडबुडे आले. आणि मग पाण्यातून एक हात वर आला. फक्त हात. तो क्षणभर तसाच, पाण्याबाहेर, कुणाला तरी थांब म्हणावं तसा राहिला. मी पायरीवर बसले होते ती उठले नाही.

मग ती सगळी वर आली. शेवाळाचे धागे अंगावरून ओघळत होते. चेहरा आईचा नव्हता. कुणाचाच नव्हता, किंवा लिंबाखाली बसणाऱ्या कुठल्याही बाईचा होता. पापण्या सुपाकडं झुकलेल्या. हात मात्र.

उत्तरेश्वरानं थिट्या बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. "तासलंय," तो म्हणाला. "तुटल्यावानी न्हाय. भरलेल्या जखमेवानी तासलंय. म्या बघितलंच न्हवतं नीट."

त्याच दिवशी साहेब आले, गोणपाट निघालं, टाळ्या झाल्या. भाषणात माझ्या वडिलांचं नाव थोडं चुकलं. शरणबसप्पा पुढं होऊन सुपात डोकावले, आणि मागं वळून त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

सुपाचा तळ बाबांनी खोलगट कोरला होता. इतका, की बारवेतलं पाणी त्यात राहिलं होतं. काठावर दोन चिमण्या बसल्या होत्या. माणसं बघूनही उडाल्या नाहीत.

"रिकामं न्हाय," शरणबसप्पा म्हणाले. ते स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. सिंहांची ऑर्डर त्यांनी दुपारीच फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला निघाले. अंबादासकाका गाडीपर्यंत आले. बुद्धिबळाचा पट तुझ्याकडं ठेव म्हणाले, आपल्याला आता कुणाशी खेळायचं नाही. मी घेतला नाही. सुट्टीत येईन तेव्हा मला शिकवा, असं मी म्हणाले.

कुर्डुवाडीची गाडी मोंढ्यावरून जाताना हळू होते. धुरपदाबाई लोट्यानं सुपात पाणी घालत होती. बारवेचा ओला डाग मूर्तीच्या खांद्यापर्यंत वाळत आला होता. खिडकीतून मला तो उचललेला हात अगदी समोर दिसला. अनामिका थिटी, म्हणून मधलं बोट जरासं पुढं आलेलं.

गाडी वळेपर्यंत मी कपाळ खिडकीच्या गजाला टेकून तशीच बसून राहिले.